मदत हवी आहे: एसी कमी वापरून बिल कसं कमी करायचं?

पाऊसवेडी:
जरा लवकर सांगा कुणीतरी. उन्हाळा लागल्यापासून विजेचं बिल दुपटीच्या वर गेलंय. एसी फक्त रात्रीच लावतो, तोही बेडरूममधलाच. घरात तान्हं बाळ आहे त्यामुळे "एसी बंदच करा" हा सल्ला प्लीज नको. पडदे आहेत, दिवे एलईडी आहेत, अजून काय करायचं? रात्री भिंतीला हात लावला तरी गरम लागते आणि एसी 16 वर ठेवूनही खोली लवकर थंड होत नाही.

वायरमन:
एसी किती टनाचा, इन्व्हर्टर की साधा? घर कितव्या मजल्यावर, बाहेरची भिंत कुठल्या दिशेला? फिल्टर कधी धुतला? हे काहीच न सांगता कोण काय सांगणार. आणि 16 वरून आधी काढा. त्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

निवांत:
सरळ कूलर घ्या. दीड टनी एसी चालू असला की तासाला दीडेक युनिट खातो, घरगुती कूलर साधारण 200 वॅटमध्ये भागतो. आमच्याकडे एसीच नाही, काही अडत नाही.

सागरकिनारा:
@निवांत, दमट हवेत पाणी नीट उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? नुसता चिकचिकाट. शिवाय खिडकी उघडी लागते.

निवांत:
अहो त्यांच्याकडची हवा कशी आहे ते तर कळू द्या, तुमच्याकडे दमट म्हणजे सगळीकडे दमट का?

नवाकोरा:
एसी घेताना टनेज खोलीच्या मापानेच घ्या. गरजेपेक्षा मोठा घेतला तर पटकन थंड करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो.

पाऊसवेडी:
नवीन एसी घ्यायचा नाहीये हो! दीड टन, साधा, इन्व्हर्टर नाही. सगळ्यात वरचा मजला, भिंत पश्चिमेची. फिल्टर गेल्या वर्षी सर्व्हिसिंगवाल्याने धुतला असेल. हवा कोरडी, पहाटे बाहेर छान गार असतं.

वायरमन:
हे आधी सांगायचं ना! तुमचा एसी खोलीतली हवा नाही, भिंत आणि स्लॅब थंड करत बसलाय. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री आत उष्णता सोडतं. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काचेतून आत आलेलं असतं, म्हणून सावली बाहेरून हवी. फिल्टर आजच काढा, जाळीच्या मागच्या बाजूने पाणी सोडा म्हणजे धूळ आली तशी बाहेर निघते, सावलीत वाळवून लावा. मग एसी 26 वर आणि सोबत पंखा हळू. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास, एसीपुढे काहीच नाही. बाळाच्या अंगावर थेट वारा नको.

गच्चीवाला:
गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, बाकी सगळं नंतर. वरच्या मजल्याला दुसरा इलाज नाही.

पाऊसवेडी:
गच्ची सगळ्यांची आहे, विचारावं लागेल, त्यात उन्हाळा संपेल.

जागरण:
टायमर लावा, पहाटे 3 ला एसी बंद.

सागरकिनारा:
आणि बाळ घामाघूम होऊन उठेल त्याचं काय? मग सगळं घर जागं.

वायरमन:
बाहेर गार असतं म्हणतायत ना त्या. एसी बंद झाला की खिडकी उघडायची, जाळी असेलच. सकाळी ऊन चढायच्या आत परत बंद. दुपारी उघडी ठेवली तर गरम हवा घरात येते.

नवाकोरा:
अवांतर, फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय का? मागे हवा खेळली नाही तर तोही वीज खातो.

निवांत:
फ्रिजचं इथे कोण विचारतंय? कोरडी हवा आहे असं त्यांनीच लिहिलंय, मी कूलर म्हणालो ते बरोबरच होतं. दुपारी हॉलमध्ये तरी वापरा.

पाऊसवेडी:
फिल्टर धुतला, जाळी दिसतच नव्हती इतकी धूळ होती. हवेचा झोत लगेच वाढला. बाहेरून शेडनेट लावू की बांबूची चिक? इथे वारा फार असतो.

वायरमन:
वारा असेल तर शेडनेट, चारही कोपरे घट्ट बांधा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा, मधून हवा वर निघून गेली पाहिजे. नुसती खिडकी नको, पश्चिमेची भिंत जेवढी झाकता येईल तेवढी झाका.