मदत हवी आहे: कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली, कोणती संरक्षण-सेवा घ्यावी?

सुटेभाग
आमचा ११ जणांचा लहान व्यवसाय आहे. गेल्या आठवड्यात माझ्या नावाने आलेल्या ईमेलवर विसंबून आमच्या हिशेबनीस बाईंनी वेतनयादी पाठवून दिली, आणि तीत सर्वांच्या जन्मतारखा, बँक खात्यांचे क्रमांक व ओळखपत्रांच्या प्रतीही होत्या. तो ईमेल मी लिहिलाच नव्हता. ओळखचोरीपासून संरक्षण देणाऱ्या मासिक वर्गणीच्या सेवा असतात, त्यांपैकी कोणती घ्यावी एवढेच सांगावे. पासवर्ड बदलला आहे, तो सल्ला नको. निर्णय आजच घ्यायचा आहे.

काटेकोर
तो ईमेल तुमच्याच पत्त्यावरून गेला होता, की एखादे अक्षर बदललेल्या, तुमच्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून? पत्ता नकली असेल तर ती तोतयेगिरी झाली. खरा असेल तर चोर अजून आत असू शकतो. हे कळल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

जुनी_तिजोरी
सेवा वगैरे काही घेऊ नका. सर्वांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा. आम्ही कित्येक वर्षे हेच करतो आणि आमच्याकडे असे कधी झालेले नाही.

काटेकोर
आणि मग लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटी महिन्याचा आकडा जोडतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले आहे की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये. तो फुटल्याचे दिसले तर मात्र बदलावा.

जुनी_तिजोरी
संस्था सांगतात, निस्तरावे आम्हाला लागते.

रद्दीवाला
कागद बारीक कापणारे यंत्र अवश्य घ्यावे. जुन्या वेतनपावत्या अख्ख्या टाकून देणे फार धोक्याचे असते.

दोनदा_विचार
रद्दीवाला, इथे कागद गेलेलाच नाही. सुटेभाग, बाईंना बोल लावू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्नॅपचॅटसारख्या कंपनीच्या वेतन विभागातही प्रमुखांच्या नावाने असाच ईमेल आला होता आणि कर्मचाऱ्यांची वेतनविषयक माहिती बाहेर गेली होती. मालकाने मागितलेली गोष्ट फोन करून पडताळण्याची मुभा बाईंना होती का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

सुटेभाग
पत्ता माझाच आहे. पाठवलेल्या संदेशांत मात्र काहीच दिसत नाही, आणि बाईंचे उत्तरही मला कधी मिळाले नाही. सेवेबद्दल कोणी सांगेल का?

काटेकोर
उत्तर मिळाले नाही, हीच तर खूण आहे. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि नियम, म्हणजे आलेले ईमेल आपोआप दुसरीकडे पाठवणाऱ्या किंवा हलवणाऱ्या सूचना, पाहा. पासवर्ड बदलला तरी आधी घातलेला नियम आपोआप पुसला जात नाही. जोडलेली अ‍ॅप्स, चालू असलेली लॉगिन आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांकही तपासा.

सुटेभाग
सापडला. ज्या ईमेलमध्ये ‘वेतन’ हा शब्द असेल, त्याची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती आणि मूळ ईमेल मी कधीच न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये पडत होता. म्हणजे पासवर्ड बदलल्यानंतरही प्रती जातच होत्या. आता नियम काढला आहे.

काटेकोर
काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले असेल तर बरे; तक्रार करताना लागेल. आता दुहेरी पडताळणी चालू करा, आणि शक्य असेल तिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या कुलुपाने लॉगिन करण्याची सोय) वापरा, कारण खोट्या संकेतस्थळावर ती चालत नाही.

पगारदार
कर्मचाऱ्यांना सांगितले आहे का?

सुटेभाग
अजून नाही. सेवा घेऊन मगच सांगावे, म्हणजे कोणी घाबरणार नाही, असा विचार होता.

पगारदार
मी तुमच्या कर्मचाऱ्यांच्या जागी होतो. आमच्याकडची यादी फुटल्याचे आम्हाला तीन आठवडे सांगण्यात आले नाही, आणि त्या काळात बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्याने माझी जन्मतारीख व खाते क्रमांक इतके अचूक सांगितले की ओटीपी मीच त्याला वाचून दाखवला. अशा फोनची शक्यता आधी कळली असती तर मी फोन ठेवून दिला असता. तुमची सेवा फार तर कोणी आमच्या नावावर कर्ज मागितल्याचे किंवा माहिती विक्रीला आल्याचे कळवील. तो फोन ती अडवू शकत नाही. जिथे स्वतःची पतनोंद, म्हणजे कर्ज देण्यापूर्वी बँका पाहतात ती आपल्या कर्जांची नोंद, गोठवण्याची सोय असते, तिथे नव्या कर्जाची वाट बऱ्याच अंशी बंद होते, पण त्यासाठीही माणसाला आधी कळावे लागते.

सुटेभाग
आत्ताच सर्वांना बोलावून सांगितले. दोघांना असे फोन येऊन गेले आहेत. सुदैवाने दोघांनीही काही दिले नाही. एक गोष्ट मघाशी लिहायची राहिली: त्या यादीत काम सोडून गेलेल्या चौघांचीही नावे आहेत. त्यांना ईमेल करतो.

दोनदा_विचार
फोन करा. तुमच्या पत्त्यावरून आलेल्या ईमेलवर त्यांनी आता का विश्वास ठेवावा?