किचन चिमणीला आग लागली तर फायरवाले नेमकं काय करतात?

मनीषनगर, नागपूर: काल शेजारी पुऱ्या तळताना चिमणीनं पेट घेतला. आग विझली तरी फायरवाले अर्धा तास डक्टच (चिमणीचा धूर बाहेर नेणारा पाइप) तपासत होते, असं काऊन?

उत्तर: भाऊ, डक्टमधलं चिकट तेल आत धुमसत राहते, बाहेरून सगळं विझलेलं दिसते. म्हणून ते आधी मेन स्विच अन् गॅस बंद करतात, आग विझवायची पावडर नाहीतर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मारतात, मग फिल्टर काढून डक्ट पार बाहेरच्या तोंडापर्यंत पाहतात, गरज पडली तर फॉल्स सीलिंगही उघडतात.

उत्तर: तापल्या तेलावर पाणी चुकूनही टाकू नका बाप्पा, भडका उडते! हात पोचला तरच गॅस बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ लावा.

मनीषनगर: धन्यवाद, आत्ताच आमचे फिल्टर गरम पाण्यात टाकले, केवढं तेल निघालं!