आपल्या विदर्भातल्या लेखकांची नवीन पुस्तकं सुचवा, पण स्वतः वाचलेली

वाचनालयवाली_दारव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गावात ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं, सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रामपंचायतीची जुनी खोली, तीन लोखंडी कपाटं, एक पंखा, तोही लाइन असली तर. ग्रंथपाल मी, झाडणारी मी, वर्गणीची पावती फाडणारीही मीच. अनुदानाचा हप्ता आला. मानधन, वीजबिल आणि पेपरवाल्याची बाकी जाऊन पुस्तकांसाठी सहा हजार उरले. मार्चच्या आत खर्च दाखवायचा आहे.

गेल्या वर्षी एका विक्रेत्यानं साठ टक्के सूट देतो म्हणून पोतंभर पुस्तकं पाठवली. उघडून पाहते तर यशस्वी कसं व्हावं हे सांगणारीच अकरा. त्यातल्या दोन पुस्तकांत मजकूर अक्षरशः तोच, कव्हर फक्त वेगळं! परत घ्यायला तो तयार नाही, फोनही उचलत नाही.

म्हणून या वर्षी निदान अर्धे पैसे आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांवर घालायचे ठरवले. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली, लेकरांची आणि मोठ्यांची, दोन्ही पुस्तकं पाहिजेत. नावं इथे लिहिली की जाहिरातबाजी सुरू होते, तेव्हा नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा आणि त्यात काय आवडलं ते इथे लिहा. "आमच्या साडभावाचं पुस्तक आलं" असलं नको. आणि कवितासंग्रह नको बाप्पा. ६३ आहेत कपाटात, सगळे सप्रेम भेट, सगळ्यांवर सही. आजवर दोनच घरी गेले, दोन्ही वेळा नेणारा कवीचा पुतण्या.

वाचणारे कोण तेही सांगते. तिसरी ते सातवीचे पोट्टे रविवारी येतात, त्यांना साप, भूत आणि टिपेश्वरचा वाघ पाहिजे. कापसाची वेचणी आटोपली की चार-पाच बाया दुपारी येतात. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "ताई, ह्या सगळ्या पुस्तकातल्या बाया फ्लॅटमधीच काहून राह्यतात?" तिच्यासाठी एखादं सापडलं तरी माझे सहा हजार वसूल.

पांढरं_सोनं

ताई, मी स्वतःच लिहिणारा, त्यामुळे तुमच्या अटीत बसत नाही. तरी लिहून राहिलो. मागच्या साली माझं बालकथांचं पुस्तक आलं. "आलं" म्हणजे मी आणलं. ५०० प्रती, घरचे ३८ हजार. एक म्हैस गेली त्यात, बायको अजून तो विषय काढते. छापणाऱ्यानं आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे लावले. मागून कळलं की तो नंबर राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. नव्यानं पुस्तक काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा.

पुस्तकं पोचवायची हे दुसरं दुखणं. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टानं पुस्तकं स्वस्तात पाठवायची रजिस्टर्ड बुक पोस्ट ही सोय एकाएकी बंद केली आणि माझ्यासारख्याचं कंबरडंच मोडलं; शंभर रुपयांच्या पुस्तकाला कुरिअर सत्तर मागे. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी पोस्टाचंच 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. आमच्या पोस्टमास्तरलाच पहिले माहीत नव्हतं, मी मोबाइलवर दाखवलं.

माझ्या दोन प्रती तुम्हाला पाठवतो, पैसे नको. लेकरांना वाचून दाखवा. नाही आवडलं तर तसं इथेच लिहा, मी रुसणार नाही.

झाडीतला_मास्तर

नमस्कार. भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. झाडीबोलीतल्या (आमच्या पूर्व विदर्भाच्या बोलीतल्या) एका कथासंग्रहाचं नाव व्यनि केलं आहे. त्यातली रोवणीची, म्हणजे भातलावणीची, कथा मी तीनदा वाचली. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे (भाताची रोपं) लावणारी बाई रात्री नवऱ्याला पाठ चेपायला लावते आणि तो सासूला चोरून चेपून देतो, एवढीच गोष्ट. तुमच्या त्या बाईला नक्की द्या, यात फ्लॅट नाही. वऱ्हाडी वाचकाला चार-दोन शब्द अडतील, ते मागे यादीत दिले आहेत.

नवीन काय आलं ते शोधायला माझे दोन रस्ते आहेत. विदर्भ साहित्य संघ, १९२३ पासूनची संस्था. दरवर्षी १४ जानेवारीला वर्धापनदिनाला वाङ्मय पुरस्कार देतात, ती यादी पेपरात येते. बक्षीस मिळालं म्हणून घ्या असं नाही, पण यादीतून नवीन नावं कळतात. दुसरा रस्ता म्हणजे जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. मुख्य मंडप सोडा, कडेला जिथे लेखक स्वतः टेबल टाकून बसलेला असतो तिथे जा आणि मधलं कुठलंही पान उघडून अर्धं पान तिथेच मोठ्यानं वाचा. लेखकाचा चेहरा पडला तरी चालेल.

कधी इकडे आलात तर नवेगाव बांधला चक्कर टाका. साताऱ्यातल्या भिलारनंतर सरकारनं 'पुस्तकांचं गाव' म्हणून ज्या गावांची निवड केली, त्यात आमच्या बाजूचं हे एक.

कवी_पण_शेतकरी

कवितेनं तुमचं काय घोडं मारलं ताई? पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्या कविता नाहीत काय?

वाचनालयवाली_दारव्हा

भाऊ, झडत्या पाठ असतात, त्या कपाटात धूळ खात नाहीत. तुमचा संग्रह असेल तर पाठवा. चौसष्टावा ठेवते, पण वाचीन पहिले.

वाचनालयवाली_दारव्हा (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. सतरा व्यनि आले, त्यात नऊ साडभाऊच निघाले.

मास्तरांचा कथासंग्रह मागवला. आमच्या त्या बाईनं चार दिवसांत परत आणला. मला वाटलं आवडला नाही. तर म्हणे, "जावेले देते, तिच्या नावावर लिहून घ्या." सध्या तो तिसऱ्या घरी आहे. पऱ्हे म्हणजे काय हे कोणीच विचारलं नाही, मागची यादीही कोणी उघडली नाही. मोठ्यांच्या बाजूला यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. एक कादंबरी आणली, ती मलाच चाळीस पानांपुढे नेता आली नाही. म्हातारे पेपरच वाचतात.

आता पांढरं सोनं भाऊंचं पुस्तक. पाकीट आलं त्याच रविवारी ओट्यावर चौदा पोट्टे बसवून तान्ह्या पोळ्याची, म्हणजे लेकरं चाकाचे लाकडी नंदी मिरवतात त्या सणाची, गोष्ट वाचली. गोष्टीतला पोरगा बोजाऱ्याच्या (नंदी घेऊन घरोघरी गेल्यावर मिळणाऱ्या) पैशातून नंदीचं तुटलेलं चाक बसवून आणतो. "मायच्या पदराले गाठ मारून ठेवलेले पाच रुपये" हे वाक्य आलं तेव्हा मागची मस्ती थांबली. तुम्ही बोलणं वऱ्हाडीत आणि बाकी गोष्ट साध्या मराठीत ठेवली, ते बरं केलं. पोरांना वाचताना कुठे अडलं नाही आणि बोलणं आलं की आवाज आपोआप बदलत होता.

मग मी चित्र दाखवलं अन् सगळे फिदीफिदी हसायला लागले. भाऊ, तुमच्या चित्रकारानं खराखुरा, जिवंत, मोठ्या वशिंडाचा बैल काढला आहे! दुसरीतलं पोरगं त्याचा दोर धरून उभं, अन् मागे कौलारू घर, नारळाचं झाड. चौथीतली एक पोरगी म्हणाली, "हा तान्हा पोळा नाही, मोठा हाय." दुसऱ्यानं विचारलं, मग चाक कुठं बसवलं ह्यानं, बैलाच्या पायाले? गोष्टीत चाक आहे, चित्रात नाही. चित्रकाराला गोष्ट वाचायला दिलीच नव्हती काय? तुम्ही म्हैस विकली, तर एक चित्र नीट तपासून तरी घ्यायचं.

संध्याकाळी पुस्तक कपाटात ठेवताना पाहिलं तर बैलाच्या चारही खुरांखाली पेन्सिलीनं चाकं काढलेली, नाकात दोरी, पाठीवर झूल. नारळाच्या झाडावर काट मारून बाजूला बोरी लिहिलेलं. पुस्तकावर लिहिलं की दोन रुपये दंड, असा बोर्ड मीच दारावर लावला आहे. कोणी केलं ते विचारलं नाही, दंडही घेतला नाही. पण बोर्ड काढलेला नाही.

भाऊ, दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा या पानाचा फोटो मागून घ्या, पाठवते. आणि आणखी पाच प्रती पाठवा, या वेळी विकत. छापील पुस्तकाला जीएसटी लागत नाही, पण बिल दोन प्रतींत पाहिजे, सही-शिक्क्यासकट, ऑडिटवाले मागतात. ज्ञान पोस्टानंच पाठवा. आमच्या पोस्टमनलाही आता माहीत झालं आहे.