मदत हवी आहे: नवीन ब्रेक पॅड टाकल्यापासून गाडी किंचाळतेय

नमस्कार मंडळी,
आमची पेट्रोल हॅचबॅक, 2016 ची, 68 हजार किमी झालेत. पुढचे ब्रेक पॅड 12 दिवसांपूर्वी इथे कराडातच एका गॅरेजमध्ये बदलून घेतले आणि दुसऱ्याच दिवसापासून स्लो स्पीडला ब्रेक हलका दाबला की कुईंईं. जोरात दाबला तर आवाज नाही, ब्रेक लागतात नीट, पेडल पण टणक आहे. पण कोल्हापूर नाक्याला थांबायला लागलं की शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघतो हो, लाज वाटते. गॅरेजवाला म्हणतो 500 किमी चालवा ताई, बसतील पॅड. 380 झाले, आवाज आहे तेवढाच. शनिवारी चिपळूणला जायचंय, म्हणजे कुंभार्ली घाट उतरायचाय, सोबत 2 पोरं आणि सासरे. आप्पा शेजारी बसून प्रत्येक ब्रेकला "अगं बाई" म्हणतात. जाऊ का नको?

पाना_दहाचा:
ताई आधी एक सांगा, ब्रेकवर पाय नसतानाही आवाज येतो का? येत असेल तर पॅड झिजल्याची वॉर्निंग देणारी पत्री वाकून डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी चकती) लागत असेल किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम असेल. 15-20 मिनिटं चालवून उतरल्यावर चाकाजवळ हात न्या (डिस्कला लावू नका, भाजेल), एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापलीय का बघा.

धागाकर्ती:
नाही, पाय काढला की बंद. दोन्ही बाजू सारख्याच कोमट.

मंग्या_सातारकर:
डिस्कवर थोडं ऑइल मारा, आवाज गायब. आमच्या बाइकला केलेलं.

पाना_दहाचा:
मंग्याभाऊ हात जोडतो, असले सल्ले देऊ नका. घाट उतरायचाय त्यांना! पॅडला तेल लागलं की पॅड फेकायचाच.

ताई, किंचाळणं म्हणजे पॅडची थरथर. काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की पेला गातो ना, तसंच. हलक्या ब्रेकला पॅड डिस्कला पकडतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा, जोरात दाबला की गच्च बसतो म्हणून गप्प. ही थरथर गिळायला पॅडच्या पाठीवर एक पातळ पत्रा असतो, शिम म्हणतात, आणि कॅलिपरच्या पिना ग्रीसमध्ये सरकायला लागतात. घाईच्या कामात नेमक्या या दोन गोष्टी राहतात. जुने पॅड परत मागून घेतले होते का?

घाटवाट:
नवे पॅड डिस्कवर घासून बसवायचे पण असतात, नुसते 500 किमी गावात फिरून नाही होत ते. पहाटे रिकामा रस्ता बघून 60 वरून 10-15 पर्यंत बऱ्यापैकी ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं 8-10 वेळा, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्यायचं. पण आधी पाना_दहाचा म्हणतोय ते बघा. आणि जुन्या डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा काठ आलाय का तेही बघा, पॅड त्यावर चढला तरी ओरडतो.

धागाकर्ती:
अहो जुने पॅड डिकीतच निघाले, स्टेपनीखाली पेपरात गुंडाळलेले! चारही पॅडच्या पाठीवर काळा पत्रा तसाच चिकटलेला आहे. म्हणजे नव्यांना लावलाच नाही??

पाना_दहाचा:
सापडला चोर. दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून घ्या, समोर उभं राहून. पिनांना सिलिकॉन ग्रीस म्हणा, साधं चाकाचं ग्रीस नको, त्याने रबरी बूट फुगतात.

धागाकर्ती (शुक्रवार रात्री):
अपडेट. मार्केट यार्डाजवळच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गेले. चाक काढल्यावर त्यांनी पिन ओढून दाखवली, कोरडी ठणठणीत, डावीकडची खालची तर पान्याने फिरवून काढावी लागली. शिम साफ करून नव्या पॅडला लावले, मापात बसले. पॅडवर चकाकी आली होती ती पॉलिश पेपरने घासली. काठ होता पण अगदी बारीक, डिस्कची जाडी मापून म्हणाले हिच्यावर पॅडचा अजून एक सेट निघेल. पाऊण तास, 350 रुपये. संध्याकाळी घाटवाट यांनी सांगितलं तसं 9 वेळा केलं, करपल्याचा वास आला तेव्हा घाबरले होते. आवाज गेला! फक्त गाडी धुतल्यावर पहिल्या दोन ब्रेकला खर्र होतं.

घाटवाट:
खर्र म्हणजे डिस्कवरचा गंज, पुसला जातो. नव्या पॅडला थोडा वास येतोच. उद्या उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

धागाकर्ती (रविवार):
पोहोचलो व्यवस्थित. घाटाखालच्या पोफळीपर्यंत आप्पा गप्प होते, मग म्हणाले, "आता कळतच नाही तू ब्रेक दाबतेस का नाही ते. आवाज होता तेव्हा बरं होतं."