संपाचा ४७वा दिवस आणि बीपीची गोळी एक दिवसाआड

सीएनसीवाला
नाशिकला अंबड एमआयडीसीत १६ वर्षं मशीनवर आहे. वेतनकरार रखडला म्हणून संप, आज ४७वा दिवस. मागण्या बरोबर की चूक यावर भांडायला इथे आलेलो नाही, ते गेटवर रोज होतंच.

फर्स्ट शिफ्टची सवय, त्यामुळे पावणेपाचला डोळा उघडतोच. मग नऊपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. नऊला मंडपात. दिवसभरात आठ-दहा कटिंग होतात, जेवणाचा पत्ता नाही. रात्री युनियनचा ग्रुप. ‘उद्या तोडगा नक्की’ हा मेसेज आतापर्यंत ११ वेळा आलाय, मोजलेत मी. परवा मुलीने सहलीचे पैसे मागितले तर असा खेकसलो की पोरगी ताटावरून उठली. आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घेतोय, पाकीट दुप्पट दिवस पुरतं. घरी माहीत नाही. लांबलेला संप कुणी काढला असेल तर सांगा, कसं निभावलंत?

तिकीट_बोला
दादा, आधी गोळी. आजपासून रोज. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर त्यांच्या दवाखान्यात फुकट मिळेल. संप झाला म्हणून कार्ड त्याच दिवशी बंद पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क असतो. ईएसआयमध्ये नसाल तर जनऔषधी दुकानात विचारा, बरीच स्वस्त पडते.

मी एसटीत कंडक्टर. २०२१च्या ऑक्टोबरअखेर बसलो, तो २०२२च्या एप्रिलमध्ये ड्युटीवर गेलो. सुरुवातीला आमचाही मंडप म्हणजे जत्रा. जानेवारीपर्यंत माणसं गप्प व्हायला लागली. त्या संपात काहींनी जीव दिला, बातम्यांत वाचलं असेल. मग आम्ही आगारात जोड्या लावल्या. जोडीदार मंडपात दिसला नाही तर फोन करायचा नाही, थेट घरी जायचं. फोनवर सगळे ‘मजेत’च असतात.

ग्रुप मी संध्याकाळी एकदाच उघडायचो. खरा तोडगा निघाला तर शेजारीसुद्धा दार वाजवून सांगतात. झोप अशीच उडालेली राहिली किंवा नको ते मनात आलं तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.

लालबागची
वडील गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप झाला तेव्हा मी सातवीत. उधारी किती झालीय हे ते घरात बोललेच नाहीत, आईला वाण्याकडून कळलं. पैसे नाहीत याचा तिला राग नव्हता, वाण्याने सांगावं याचा होता. दुसऱ्या आठवड्यापासून ती डबे करायला लागली. वडील खाली मान घालून मेथी निवडायचे. पण त्यांना दिवसातून तासभर काम मिळालं, आणि तेवढा वेळ ते आमच्याशी बरं बोलायचे.

तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. वडील डॉक्टरांच्या, म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंतांच्या, शब्दाची वाट बघत राहिले. म्हणून सांगते भाऊ, संपाची तारीख तुमच्या हातात नाही, घरची आहे. महिन्याची एक तारीख धरा आणि त्या दिवशी बायकोसमोर वही उघडा. हप्ता, किराणा, फी, सगळं. मुलीलाही बसवा. आम्हा पोरांना सगळं कळत असतं, फक्त कुणी सांगत नाही.

सीएनसीवाला
काल वही उघडली. उधारीवर बायको काही बोलली नाही, गोळीचं ऐकून मात्र जाम भडकली. आता पाकीट तिच्याकडे असतं, समोर उभी राहून देते. सहलीचे पैसे मेव्हण्याने भरले. मला ते रुचलं नाही, पण गप्प बसलो. मुलीला सॉरी म्हणालो तर म्हणते, ‘पप्पा, चहा कमी प्या.’

पहाटे उठतोच, तर पाथर्डी फाट्यापर्यंत चालून येतो. जोड्यांचं उद्या मंडपात काढतो. आमच्यातला एक जण चार दिवस दिसला नाही, त्याच्या घरी आत्ताच निघालोय. ग्रुप म्यूट केलाय. तरी दुपारी एकदा बघितलाच, खोटं कशाला बोलू. बारावा मेसेज आलाय.