मदत हवी आहे: नवीन घरांच्या डिझाइन गाइडवर सूचना पाठवायच्यात, शुक्रवारी शेवटचा दिवस

वैतागलेला_पक्या
कोणीतरी लवकर सांगा प्लीज. आमच्या डिस्ट्रिक्टने खेड्यांमधल्या नवीन घरांसाठी डिझाइन गाइडचा ड्राफ्ट काढलाय आणि लोकांच्या सूचना मागवल्यात, शुक्रवारी संध्याकाळी 5 ला बंद. 140 पानांची पीडीएफ, त्यातली निम्मी पानं नुसते फोटो. आमच्या मागच्या शेतात घरं येणार आहेत आणि मला त्याला विरोध करायचाय, पण फॉर्म विचारतो की कुठल्या परिच्छेदाबद्दल बोलताय. अरे माझा परिच्छेदाला विरोध नाहीच, घरांना आहे! दोनदा भरायला घेतला, दोनदा पेज एक्स्पायर झालं, सगळं लिहिलेलं गेलं. शेजाऱ्याने म्हणे नुसतं 'नको' लिहून पाठवलं, ते चालतं का? ग्रामपंचायतीच्या मीटिंगला पण जाऊन आलो, चहा-बिस्किटं मिळाली, उत्तर नाही मिळालं.

बांधावरचा
जिल्हा कुठला? गावठाणात की बाहेर? मागचं शेत एनए झालंय का? सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघा, फेरफार काढा. एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

निवृत्त_ओव्हरसियर
नुसतं 'नको' अजिबात चालत नाही. हरकत दोन प्रतींत द्यायची, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. पोच नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नाही असं धरतात, 31 वर्षांच्या नोकरीत हेच पाहिलं. मग सुनावणीचं पत्र येतं, तेव्हा हजर राहायचं. आणि मागे घर येणार म्हणजे किती मोठं? कारण यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, डिसेंबर 2020 ला आली आणि पाठोपाठ 2021 मध्ये शासनाने सांगितलं की ग्रामीण भागात 3200 चौरस फुटापर्यंतच्या प्लॉटवरच्या घराला नगररचनाकडे जायलाच नको, ग्रामपंचायतीतच होतं. तेवढ्यात बसत असेल तर तुमच्या हरकतीला फार अर्थ नाही.

चिऱ्याचं_घर
गाइड निघतंय हेच नवल आहे, आमच्याकडे निघायला हवं होतं 20 वर्षांपूर्वी. गावात जाऊन बघा, चिऱ्याची, कौलाची, पडवीची घरं पाडून काचा लावलेले ठोकळे उभे केलेत. पावसाळ्यात स्लॅब गळतो, मग वर पत्र्याची शेड. म्हणजे उतरतं छप्पर शेवटी घालावंच लागलं, फक्त कुरूप. सूचनेत लिहा की उतरतं छप्पर सक्तीचं करा.

निवृत्त_ओव्हरसियर
सक्ती कसली करताय साहेब, कौलं चढवायला माणूस मिळतो का आता? आणि माकडं? एका उडीत दहा कौलं. लोक स्लॅब हौसेने घालत नाहीत.

चिऱ्याचं_घर
माकडांसाठी घराचं डिझाइन करायचं का मग?

निवृत्त_ओव्हरसियर
कोकणात, हो.

वैतागलेला_पक्या
अहो थांबा थांबा. इंग्लंड! मी इंग्लंडमधे राहतो, प्रोफाइलमधे लिहिलंय. सातबारा कुठून आणू? ग्रामपंचायत म्हणजे इथली पॅरिश कौन्सिल, दुसरं काय म्हणणार तिला. उद्या गुरुवार आहे, प्लीज इथलं कोणी असेल तर बोला.

बांधावरचा
प्रोफाइल कोण बघतं. डिस्ट्रिक्ट, शेत, ग्रामपंचायत म्हटल्यावर आम्ही काय केंट समजायचं?

दिशा_दर्शन
मागच्या शेतात बांधकाम म्हणजे तुमच्या घराची कुठली दिशा बंद होते ते महत्त्वाचं. नैऋत्य बंद होत असेल तर उलट चांगलंच आहे, जड बाजू तिथेच हवी. ईशान्य असेल तर मात्र विरोध करा. दरवाजा कुठे आहे?

तिळगूळ_लेस्टर
पक्या, मी इथे दोनदा या भानगडीतून गेलेय, एकदा पॅरिश कौन्सिलवर पण होते, तर आधी हे सांग. एक, ते शेत लोकल प्लॅनमधे, म्हणजे कौन्सिलच्या विकास आराखड्यात, घरांसाठी अलोकेट झालंय का? दोन, त्यावर आउटलाइन (तत्त्वतः) परवानगी झालीय की अजून कोणी अर्जच केलेला नाही? तीन, या ड्राफ्टच्या कव्हरवर 'सप्लिमेंटरी प्लॅनिंग डॉक्युमेंट', म्हणजे लोकल प्लॅनला जोडलेलं पूरक कागदपत्र, असं लिहिलंय का? आणि नक्की त्रास कशाचा आहे, घरं येण्याचा की कशी येतात त्याचा?

वैतागलेला_पक्या
हो कव्हरवर तेच लिहिलंय. शेत अलोकेट झालंय म्हणे मागेच, आम्हाला कोणी सांगितलं नाही. अर्ज अजून नाही. त्रास सगळ्याचा आहे, व्ह्यू जाणार, घराची किंमत जाणार, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट आताच मिळत नाही, बस दिवसाला चार, शाळा फुल.

तिळगूळ_लेस्टर
मग ऐक, राग नको मानू. घरं यायची की नाही हे लोकल प्लॅनमधे ठरलं, तो दरवाजा बंद झाला. हे गाइड फक्त 'आली तर कशी दिसतील' एवढंच बोलतं, त्यामुळे 'घरं नकोत' लिहिलंस तर ते मोजतील पण त्याने एक शब्द हलणार नाही. शेजाऱ्याच्या 'नको' चं पण तेच. व्ह्यू आणि घराची किंमत तर प्लॅनिंगमधे धरतच नाहीत, पुढे अर्ज आला तेव्हा पण नाही. शाळा आणि रस्ते बघते काउंटी कौन्सिल, डिस्ट्रिक्ट नाही. म्हणजे तुझ्या यादीतलं जवळजवळ सगळं चुकीच्या खिडकीवर आहे.

पण एक चांगलं आहे. असं डॉक्युमेंट पास करायच्या आधी लोकांचे मुख्य मुद्दे कुठले होते आणि त्यांचं काय केलं हे कौन्सिलला लिहून छापावं लागतं. 'नको' ला उत्तर सोपं असतं. 'अमुक परिच्छेदातलं अमुक वाक्य बदला, कारण हे' याला उत्तर द्यायला कोणालातरी बसावं लागतं. आणि हो, आधी वर्डमधे लिही, मग पेस्ट कर. सूचना नावासकट वेबसाइटवर लागतात, तेव्हा शेजाऱ्यांबद्दल काही लिहू नकोस.

खरं_बोलू_का
पक्याभाऊ, तुमचं स्वतःचं घर कधीचं?

वैतागलेला_पक्या
2017 चं. का?

खरं_बोलू_का
म्हणजे 2016 ला तिथे शेत होतं आणि समोरचे म्हातारा-म्हातारी खिडकीतून तुमच्याच घराच्या नावाने बोटं मोडत होते. आपण आत आलो की दार लावायचं, एसटीत बसल्यासारखं. आमची मुलं इथे भाड्याच्या खोलीत निम्मा पगार घालवतायत, घरं बांधू द्या की.

वैतागलेला_पक्या
मला भाषण नकोय, मदत हवीय. पण ठीक आहे, मुद्दा आहे तुमचा.

नकाशावाला
आर्किटेक्ट आहे, बर्मिंगहॅमजवळ, अशी गाइड्स रोज उघडावी लागतात. मागच्या शेताबद्दल तुम्हाला दोन-तीनच गोष्टी शोधायच्यात त्या 140 पानांत. 'सेटलमेंट एज' किंवा गावाची कड असं प्रकरण असेल तिथे बघा. नव्या घरांच्या मागच्या बागा तुमच्या बागेला लागणार की मधे रस्ता? मागच्या खिडक्यांमधलं अंतर किती धरलंय, बऱ्याच ठिकाणी 21 मीटर असतं, तुमच्यात आकडाच नसेल तर तो मागा. आणि मधे जुनी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, असेल ना?

वैतागलेला_पक्या
आहे. हॉथॉर्नची, माझ्यापेक्षा उंच. त्यात चिमण्या आहेत भरपूर.

नकाशावाला
मग हेच लिहा! हेज नव्या घरांच्या खासगी बागांमधे गेली की पाच वर्षांत संपली, प्रत्येक जण आपला तुकडा कापून फेन्स ठोकतो. ती खासगी प्लॉटच्या बाहेर, सामायिक जागेत ठेवा असं वाक्य गाइडमधे घालायला सांगा. मोठ्या साइट्सना फेब्रुवारी 2024 पासून 10 टक्के बायोडायव्हर्सिटी नेट गेन (बांधकामानंतर निसर्ग आधीपेक्षा तेवढा वाढवून दाखवायचा) बंधनकारक आहे, त्यामुळे जुनी हेज राखणं बिल्डरच्या पण फायद्याचं.

तिळगूळ_लेस्टर
सामायिक जागा म्हणजे मॅनेजमेंट कंपनी आली, आणि मग दरवर्षी प्रत्येक घरामागे बिल. माझ्या बहिणीकडे गवत वर्षातून तीनदा कापतात आणि पैसे वर्षभर घेतात. चिमण्यांचं घर आणि माणसाला फी.

नकाशावाला
तो प्रश्न खरा आहे पण तो डिझाइन गाइडने सुटणार नाही.

तिळगूळ_लेस्टर
कुठल्याच गाइडने सुटत नाही, तेच तर. पक्या, अजून एक लिही, जिन्याशिवाय राहता येईल अशी घरं. आपले आई-बाबा सहा महिने येतात, गुडघे गेलेले, आणि नवीन घरात खाली फक्त टॉयलेट, आंघोळ वर. एम4(2), म्हणजे वयस्कांना पण वापरता येतील अशा घरांचं बिल्डिंग रेग्युलेशनमधलं स्टँडर्ड, सक्तीचं करा म्हणावं, त्यात तीन बेडरूम किंवा मोठ्या घरात खालच्या टॉयलेटमधे पुढे शॉवर बसवता येईल एवढी सोय ठेवावी लागते.

नकाशावाला
मावशी, सप्लिमेंटरी डॉक्युमेंट नवीन सक्ती आणू शकत नाही. एम4(2) ऐच्छिक आहे, लोकल प्लॅनच्या धोरणात असेल तरच लागू होतं. खोल्यांच्या मापाचं पण तसंच, ते राष्ट्रीय स्टँडर्ड 2015 चं, डबल बेडरूमला किमान 11.5 चौरस मीटर, पण प्लॅनमधे घेतलं असेल तरच. 'मस्ट' लिहा म्हणालात तर कौन्सिलचं उत्तर तयार असतं, आमच्या अधिकाराबाहेर.

तिळगूळ_लेस्टर
मग मागायचंच नाही का? 60 जणांनी मागितलं तर पुढच्या लोकल प्लॅनमधे तरी येईल.

नकाशावाला
मागा, फक्त वेगळ्या ओळीत. नाहीतर त्याच्यासोबत हेजपण बाद व्हायची.

दिशा_दर्शन
जिना घराच्या मध्यभागी नको, हेही सुचवा.

वैतागलेला_पक्या
सापडलं. परिच्छेद 6.14. 'शक्य असेल तिथे सध्याची झाडंझुडपं राखावीत' एवढंच आहे. मी हे लिहिलंय (इंग्रजीत करून टाकतो):

"6.14 मधलं 'शक्य असेल तिथे' हे फार मोघम आहे. गावाच्या कडेच्या जुन्या हेज खासगी बागांच्या हद्दीत घेऊ नयेत, त्या सामायिक जागेत ठेवाव्यात आणि देखभाल कोण करणार हे अर्जातच सांगावं. जुन्या घरांच्या आणि नव्या घरांच्या मागच्या खिडक्यांमधे किमान अंतराचा आकडा द्यावा. सूर्य गेल्यावर मला नवीन दिवे दिसायला नकोत."

खालच्या मजल्यावरच्या आंघोळीचं वेगळ्या बॉक्समधे टाकलं, आईचं नाव न घेता.

नकाशावाला
शेवटचं वाक्य काढा. त्याऐवजी 'कडेच्या भागात रस्त्यावरचे दिवे कमी उंचीचे आणि खाली वळवलेले असावेत' असं लिहा.

खरं_बोलू_का
आणि घरं होऊ देत असं पण एक वाक्य टाका हो, कोणीतरी ते म्हणायला हवं.

वैतागलेला_पक्या
टाकलं नाही, पण 'नको' पण काढलं. गेलं एकदाचं, रेफरन्स नंबर आला, 11 वाजून 52 मिनिटं.

निवृत्त_ओव्हरसियर
पोच प्रिंट काढून ठेवा.

पेणची_लेक
धागा वाचत होते. ओव्हरसियर काका, ते 3200 फुटाचं आमच्या वाडीला लागू होईल का? जागा गावठाणाच्या बाहेर आहे, आजोबांच्या नावावर.

बांधावरचा
सातबारा टाका.