पिकअपच्या गंजलेल्या हौद्याची घरच्या घरी दुरुस्ती

प्रश्न (पिंपळगाव बसवंत, नाशिक): आमच्या जुन्या पिकअपमधून द्राक्षांचे क्रेट, टोमॅटो आणि रासायनिक खतांच्या गोण्या यांची वाहतूक होते. हौद्याच्या तळाचा पत्रा गंजला असून कडेच्या सांध्यांजवळ खपल्या सुटत आहेत. संपूर्ण तळ बदलावा, की घरीच घासून रंगवला तरी टिकेल?

उत्तर १: आधी पत्र्याची मजबुती तपासावी. लहान हातोडीने ठोकत जावे, आणि जिथे आवाज बद्द येतो किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक आत रुतते, तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागतो. पुट्टीने बुजवलेले भोक भाराखाली टिकत नाही. वरवरचा गंज ग्राइंडरला वायर ब्रश लावून निघतो. गॉगल आणि हातमोजे मात्र हवेतच.

उत्तर २: घासण्यापूर्वी हौदा साध्या पाण्याने भरपूर धुवावा, कारण खतातील क्लोराइडसारखे क्षार पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत राहिले, तर ते हवेतील ओलावा शोषून रंगाखाली पुन्हा गंज चढवतात. पूर्ण वाळल्यावर घासावे, थिनरने पुसावे आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. हे काम पावसाळ्यात मुळीच काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३: वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि हौद्याखालून डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहावे. पाणी निघण्याची छिद्रेही मोकळी करावीत.